सोलापूरच्या कोरड्या हवेत बदकांची पहिली खेप

होटगी रस्त्यावर राहणाऱ्या एका कुटुंबाने विचारले आहे की, पंढरपूर तालुक्यातल्या नातलगांकडून त्यांना बदकाची आठ अंडी मिळाली आहेत, लहानसे उबवणी यंत्रही त्यांनी विकत घेतले आहे, घरामागे पंधरा बाय वीस फुटांची मोकळी जागा आहे. पण नळाला रोज पाणी येत नाही, तळे किंवा हौद नाही आणि घरात आजवर कोणी कोंबडीसुद्धा पाळलेली नाही. अशा ठिकाणी लहान जातीची बदके उबवून वाढवता येतील का, आणि येत असतील तर कशी, एवढा त्यांचा प्रश्न आहे.

येतील. मी सोलापुरातच सतरा वर्षे बदके पाळतो आहे आणि माझ्याकडेही तळे नाही. नवशिक्या माणसाचे सगळे लक्ष तापमानाच्या आकड्याकडे असते आणि ते असायलाही हवे. परंतु आपल्या भागात पिल्ले दगावतात ती बहुतेक वेळा ओलाव्याचा हिशेब चुकल्यामुळे, हा माझा अनुभव आहे. अंड्यातला ओलावा, पिल्लाच्या अंगावरचा ओलावा आणि पोत्यातल्या खाद्याला लागलेला ओलावा या तिन्हींवर नजर ठेवली, तर बाकीच्या बहुतेक चुका सुधारता येतात.

आधी जातीविषयी. 'लहान बदक' म्हणून हल्ली चित्रांत दिसणारी कॉल डक ही खरोखरच लहान, जेमतेम अर्धा ते पाऊण किलोची जात आहे, पण तिची चोच आखूड असल्याने पिल्लाला कवच फोडणे जड जाते आणि अनुभवी माणसाच्या हातूनही तिची बरीच अंडी वाया जातात. पहिल्या खेपेला ती घेऊ नये. आपल्याकडे सहज मिळणारी गावठी बदके, खाकी कॅम्पबेल आणि इंडियन रनर या जाती दीड ते सव्वादोन किलोच्या आसपास राहतात आणि घरच्या अंगणाला तेवढा आकार पुरे होतो. खाकी कॅम्पबेल ही इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरशायरच्या ॲडेल कॅम्पबेल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तयार केलेली जात. चांगली निगा राखली तर वर्षाला तीनशेच्या घरात अंडी देते, पण अंड्यांवर बसण्याची वृत्ती तिच्यात फारशी उरलेली नाही, म्हणून तिच्यासाठी यंत्र किंवा खुडूक कोंबडी लागतेच. पांढरी पेकिन दिसायला देखणी असली, तरी ती मांसासाठी वाढवलेली जड जात आहे. आपल्याला मिळालेली अंडी कोणत्या जातीची आहेत हे नातलगांना जरूर विचारावे, कारण साध्या बदकाचे अंडे २८ दिवसांत फुटते, तर मस्कोव्हीला ३३ ते ३५ दिवस लागतात आणि हा फरक माहीत नसल्याने चांगली अंडी अठ्ठाविसाव्या दिवशी फेकून दिलेली मी पाहिली आहेत.

एक गोष्ट इथेच स्पष्ट सांगतो. संभाजी तलावाच्या किंवा हिप्परग्याच्या काठावर कोणाला अंडी सापडली आणि ती आणून दिली, तर घेऊ नयेत. चोचीच्या टोकाला पिवळा आणि मुळाशी तांबडा ठिपका असलेले हळदीकुंकू बदक आपल्या तलावांवर असते. त्याची किंवा कोणत्याही रानबदकाची अंडी उचलणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे आणि अशी पिल्ले अंगणात सुखाने राहतही नाहीत.

आता वेळेचा विचार करू. घरगुती उबवणी यंत्र फक्त तापवू शकते, थंड करू शकत नाही. चैत्र-वैशाखात खोलीतच ४० अंश झाले, तर यंत्रातला दिवा बंद पडूनही आतले तापमान ३७.५ च्या वरच राहते आणि आतला गर्भ शिजतो. म्हणून मी फेब्रुवारीच्या मध्यानंतर अंडी लावत नाही. जानेवारीतली गड्ड्याची यात्रा उरकल्यावर दुपार हळूहळू तापू लागते. आपण फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात अंडी लावली, तर पिल्ले मार्चच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात निघतील आणि मेचा कडाका येईपर्यंत त्यांच्या अंगावर पिसे आलेली असतील. या हंगामातली ती शेवटची बरी वेळ समजावी. त्यानंतर थेट पाऊस सुरू होऊन हवा निवली की मगच.

अंडी एसटीने सत्तर किलोमीटर हादरे खात आली आहेत, तेव्हा ती लगेच यंत्रात घालू नयेत. टोकदार बाजू खाली करून एक दिवस सावलीच्या, गार खोलीत स्वस्थ ठेवावीत, म्हणजे आतली हवेची पोकळी जागेवर येते. अंडे घातल्यापासून सात दिवसांच्या आत यंत्रात गेले तर उत्तम. दहा दिवसांनंतर फुटण्याचे प्रमाण झपाट्याने घटते. चिखल लागलेले अंडे पाण्याने धुऊ नये, कारण कवचावरचा संरक्षक थर निघून जातो आणि जंतूंना वाट मिळते. कोरड्या खरबरीत कापडाने हलकेच पुसावे आणि फार माखलेले अंडे बाजूलाच ठेवावे.

यंत्र अंडी ठेवण्याच्या दोन दिवस आधी चालू करून पाहावे. पंखा असलेल्या यंत्रात ३७.५ अंश सेल्सिअस, पंखा नसलेल्यात अंड्याच्या वरच्या पातळीला ३८.३ च्या आसपास, हे धरून चालावे. यंत्रावरच्या आकड्यावर मात्र विश्वास ठेवू नये. घरात ताप पाहायचा तापमापक असतो, तो नेमका याच पट्ट्यात अचूक असतो. तो आत ठेवून दोन्ही आकडे ताडून पाहावेत. आर्द्रता दाखवणारे छोटे यंत्र तपासण्याचीही सोपी रीत आहे. एका झाकणात मीठ घेऊन ते लापशीसारखे ओले करावे, ते आणि आर्द्रतामापक एकाच घट्ट बंद पिशवीत सात-आठ तास ठेवावे; काटा ७५ टक्क्यांवर यायला हवा. माझा पहिला आर्द्रतामापक या कसोटीत अकरा टक्क्यांनी चुकलेला निघाला आणि त्याच्या भरवशावर मी एक पूर्ण खेप गमावलेली होती.

त्या खेपेविषयी सांगितले पाहिजे, कारण सोलापुरात पुष्कळांचे असेच होते. मार्चची कोरडी हवा, यंत्रात पाण्याची एकच अरुंद नळी, आणि मी काटा ५५ दाखवतो म्हणून निश्चिंत. अठ्ठाविसाव्या दिवशी नऊ अंड्यांना टिचे पडले आणि त्यांतली दोनच पिल्ले बाहेर आली. उरलेली अंडी उघडल्यावर दिसले की आतले पांढरे पटल सुकून कागदासारखे झाले होते आणि पिल्लाच्या पिसांना चिकटून बसले होते. पिल्ले पूर्ण वाढलेली होती, फक्त त्यांना आत फिरता आले नव्हते. पुढच्या खेपेला मी घाबरून पाणी वाढवले, तर उलटी गत झाली: हवेची पोकळी लहान राहिली, पिल्ले फुगीर निघाली आणि कवच फोडण्याआधीच आतल्या ओलाव्यात गुदमरली.

तेव्हापासून मी काट्यापेक्षा तराजूवर जास्त भिस्त ठेवतो. पहिल्या दिवसापासून कवच फोडण्यापर्यंत अंड्याचे वजन साधारण १३ टक्क्यांनी घटले पाहिजे. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा चालतो, दशांश ग्रॅम दाखवणारा असला तर फारच उत्तम. प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने क्रमांक घालावा आणि दर सातव्या दिवशी वजन वहीत टिपावे. ७२ ग्रॅमचे अंडे सातव्या दिवशी ६९.५ च्या आसपास, चौदाव्या दिवशी ६७ च्या जरा खाली आणि पंचविसाव्या दिवशी ६२ ते ६३ ग्रॅमवर आले, तर सारे ठीक चालले आहे. यापेक्षा भराभर घटत असेल तर पाण्याचा पृष्ठभाग वाढवावा. घटत नसेल तर कमी करावा. पृष्ठभाग हा शब्द मी मुद्दाम वापरतो, कारण भांडे खोल असल्याने काहीच साधत नाही. पसरट ताटली किंवा ओला स्पंज ठेवला की आर्द्रता चढते. सुरुवातीला ५५ टक्के धरावे आणि पुढे तराजू सांगेल तसे बदलावे.

अंडी दिवसातून किमान तीन वेळा फिरवावीत आणि ही संख्या विषम असावी, म्हणजे रात्रीचा लांब काळ दररोज एकाच कुशीवर जात नाही. दहाव्या दिवसापासून चोविसाव्या दिवसापर्यंत मी रोज एकदा झाकण उघडून दहा-पंधरा मिनिटे अंडी गार होऊ देतो आणि कोमट पाण्याचा हलका फवारा मारतो. आई बदक रोज घरट्यावरून उठून चरायला जाते आणि ओल्या अंगाने परत येऊन बसते, तिचेच हे अनुकरण आहे. आपल्या कोरड्या हवेत याचा मला निश्चित उपयोग झाला आहे. वीज गेली तर घाबरू नये. झाकण न उघडता यंत्रावर आपली सोलापुरी चादर दुहेरी टाकावी आणि हवेची छिद्रे मोकळी ठेवावीत. दोन-तीन तासांचा गारवा अंडी सोसतात, उलट तासभर वाढलेली उष्णता सोसत नाहीत.

सातव्या रात्री खोलीत अंधार करून अंड्याच्या बोथट टोकाला विजेरी लावून पाहावे. जिवंत अंड्यात तांबूस रेषांचे कोळ्यासारखे जाळे आणि मधोमध हलणारा गडद ठिपका दिसतो. काहीच न दिसणारे, आरपार पिवळे अंडे अफलित असते. आत रक्ताची अंगठीसारखी वर्तुळाकार रेघ असेल तर गर्भ मेलेला आहे. अशी अंडी काढून टाकावीत, कारण सडलेले अंडे यंत्रात फुटले तर बाकीचीही जातात. घरातल्या मुलांना ही तपासणी अवश्य दाखवावी.

यंत्राऐवजी खुडूक कोंबडी मिळाली, तर मी तिलाच पसंती देईन. बदकाची अंडी मोठी असल्याने एका गावठी कोंबडीखाली पाच-सहाच बसवावीत. कोंबडीची सवय २१ दिवसांची असल्याने एखादी शेवटच्या आठवड्यात उठून जाते, म्हणून त्या काळात यंत्र तयार ठेवावे.

पंचविसाव्या दिवशी अंडी फिरवणे थांबवावे, आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर न्यावी आणि मग झाकण उघडू नये. पिल्लू आधी आतल्या हवेच्या पोकळीत चोच घालते. यंत्राशी कान नेला तर बारीक टकटक आणि अंड्यातूनच चिवचिव ऐकू येते. त्यानंतर कवचावर चांदणीसारखा टिचा पडतो आणि मग कित्येक तास काहीच घडत नाही. याच टप्प्यावर लोक धीर सोडतात आणि नखाने कवच सोलू लागतात. त्या शांततेत पिल्लू विश्रांती घेत असते आणि उरलेले रक्त व बलक पोटात ओढून घेत असते. त्या वेळी कवच काढले तर रक्तस्राव होऊन ते मरते. टिचा पडल्यापासून बाहेर येईपर्यंत २४ ते ४८ तास लागू शकतात. चोवीस तास उलटूनही टिचा तसूभर पुढे सरकला नसेल आणि आतले पटल तपकिरी, कोरडे दिसत असेल, तरच कोमट पाण्यात बुडवलेल्या कापसाने ते ओलवावे. रक्ताचा थेंब दिसताच हात थांबवावा. बाहेर आलेली पिल्ले पोटातल्या बलकावर दिवसभर सहज राहतात, तेव्हा ती पूर्ण सुकेपर्यंत यंत्रातच ठेवावीत.

पिल्लांची पहिली जागा म्हणून पुठ्ठ्याचे मोठे खोके किंवा प्लास्टिकचे टोपले पुरते. तळाशी वर्तमानपत्र कधीही घालू नये, कारण गुळगुळीत कागदावर पाय घसरून ते फाकतात आणि पिल्लू अधू होते. गोणपाट अंथरावे, तीन-चार दिवसांनी त्यावर लाकडी भुसा किंवा तूस. पहिल्या आठवड्यात दिव्याखाली ३२ अंश आणि नंतर दर आठवड्याला तीनेक अंश कमी, असा ढोबळ हिशेब असला, तरी पिल्ले स्वतःच सांगतात: दिव्याखाली दाटी करून ओरडत असतील तर थंडी वाजते आहे, भिंतीला टेकून चोच उघडी ठेवत असतील तर गरम होते आहे. सोलापुरात मार्चमध्ये दुपारी दिवा बंदच ठेवावा लागतो, रात्री मात्र लागतो. खोक्याच्या एका टोकाला दिवा आणि दुसरे टोक गार, अशी रचना केली की पिल्ले आपली जागा निवडतात.

पाणी आणि खाद्य कायम शेजारी असावे. बदक घास घेते आणि लगेच पाणी पिते. कोरडे खाद्य आहे आणि पाणी संपले आहे, अशा स्थितीत पिल्लू गुदमरते. भांडे असे असावे की चोच नाकपुड्यांसह बुडेल, पण अंग आत जाणार नाही. मी मातीच्या परळात मधोमध गुळगुळीत दगड ठेवतो आणि ते परळ जाळी लावलेल्या ताटावर ठेवतो, म्हणजे सांडलेले पाणी खाली जाते आणि भुसा कोरडा राहतो. ओला भुसा म्हणजे बुरशी आणि थंडी, दोन्हींना निमंत्रण.

यंत्रातून निघालेल्या पिल्लांना पोहायला सोडण्याची घाई करू नये. आईखाली वाढलेल्या पिल्लांच्या अंगाला तिच्या पिसांचे तेल लागते. यंत्रातल्या पिल्लांना ते मिळत नाही आणि त्यांची स्वतःची तैलग्रंथी अजून पुरते काम करत नसते. ती भिजतात, गारठतात आणि मरतात. दुसऱ्या आठवड्यापासून कोमट पाण्याच्या पसरट ताटात, डोळ्यांसमोर, दोन-चार मिनिटे आणि मग लगेच कोरडे करणे, एवढेच. मोकळे पाणी सात-आठ आठवड्यांनी, अंगावर पिसे आल्यावर.

खाद्याबाबत मला सर्वांत कळकळीने सांगायचे आहे ते बुरशीविषयी. आपल्याकडे शेंगदाण्याची पेंड सहज आणि स्वस्त मिळते, म्हणून ती जनावरांना घालण्याची सवय आहे. शेंगदाणा आणि मका ओलसर राहिले की त्यांवर वाढणारी बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करते आणि बदकाचे पिल्लू या विषाला पाळीव पक्ष्यांमध्ये सर्वांत हळवे आहे. हे विष मुळात ओळखले गेले तेच १९६० साली इंग्लंडमध्ये ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीमुळे एक लाखाच्या आसपास टर्कींची पिल्ले मेली तेव्हा. पुढे त्याची चाचणी घेण्यासाठी बदकाचीच पिल्ले वापरली जात. शिजवल्याने किंवा उन्हात वाळवल्याने ते नाहीसे होत नाही. पिल्लांना पेंड देऊच नये, मका विश्वासाचा असेल तरच द्यावा, खाद्याचे पोते जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवावे आणि कुबट वास आला तर ते सरळ टाकून द्यावे. भिजवलेले खाद्य चार तासांपेक्षा जास्त ठेवू नये.

पहिले तीन आठवडे २० ते २२ टक्के प्रथिनांचे पिल्लांचे तयार खाद्य, शक्यतो औषध न मिसळलेले, पाण्यात कालवून द्यावे. नंतर १६ ते १८ टक्क्यांवर यावे. प्रथिने फार काळ जास्त राहिली तर पंखाचे टोक बाहेर वळते. कोंबडीच्या खाद्यात बदकाच्या गरजेपेक्षा नायसिन, म्हणजे ब-३ जीवनसत्त्व, कमी असते आणि त्यामुळे पाय धनुष्यासारखे वाकतात, सांधे सुजतात. ब्रुअर्स यीस्टची पूड मिसळल्याने हे टळते. पाव फुगवायचे यीस्ट त्यासाठी चालत नाही. महिन्यानंतर ज्वारीच्या कण्या, बारीक चिरलेला लसूणघास, अझोला, गांडुळे हे सारे चालते. शिळी भाकरी आणि पाव पोट भरतात, पण वाढ खुंटवतात.

आता अंगण. आठ अंड्यांतून चार-पाच बदके झाली, तर आपल्या जागेत ती आरामात राहतील. रात्रीच्या खुराड्यात प्रत्येकी चार चौरस फूट, जमीन कोरडी, जाळी बारीक. मुंगूस आणि मांजर ही आपल्या वस्तीतली खरी संकटे आहेत. तळ्याऐवजी दोन घमेली पुरतात, एक पिण्याचे आणि एक अंग धुण्याचे. चोच, डोळे आणि नाक धुता आले नाही तर डोळे चिकटतात, म्हणून घमेले खोल हवे. पाणी रोज बदलावे. साचलेल्या, कुजक्या पाण्यातून बोट्युलिझमची विषबाधा होऊन बदकांच्या माना लुळ्या पडतात. काढलेले पाणी कढीलिंबाला, केळीला, डाळिंबाला घालावे, ते उत्तम खत आहे आणि साठवलेल्या पाण्याचा त्यामुळे दुहेरी उपयोग होतो. मे महिन्यात दाट सावली आणि ओले गोणपाट अंथरलेला एक कोपरा लागतोच. आणि शेजारी यंत्रमाग असतील तर अंगण रोज झाडावे: सुताचा तुकडा पायाला गुंडाळला गेला की दोन दिवसांत पाय काळा पडतो, आणि गिळलेला दोरा पोटात गुंता करतो.

रोगांबाबत थोडक्यात: बदकांचा प्लेग आणि कॉलरा या दोन्हींवर लसी आहेत, त्यांचे वेळापत्रक जवळच्या शासकीय पशुवैद्यकीय दवाखान्यातून ठरवून घ्यावे. बर्ड फ्लू भारतात प्रथम २००६ साली आपल्याच राज्यात, नवापूरला आढळला. बदक त्याचा विषाणू कधी कधी आजारी न दिसता बाळगते आणि रानपाखरांकडून तो येऊ शकतो. हिवाळ्यात उजनीच्या फुगवट्यावर आणि शहराच्या तलावांवर पाहुणे पक्षी उतरलेले असताना आपली बदके तिथे पोहायला नेऊ नयेत, तलावाचे पाणीही आणू नये. एकाएकी एकापेक्षा जास्त पक्षी मेले, तर त्यांना हात न लावता दवाखान्याला कळवावे.

साधारण सात-आठ आठवड्यांचे झाल्यावर आवाजावरून नर-मादी कळतात: मादी मोठ्याने, ठसठशीत 'क्वॅक' करते, नराचा आवाज घोगरा, दबका येतो, पुढे नराच्या शेपटीवर वरच्या बाजूला वळलेली पिसे येतात. एका नराला पाच-सहा माद्या हे योग्य प्रमाण आहे. चार बदकांत तीन नर निघाले, तर ते एका मादीला इजा करतात, म्हणून जादा नरांचे काय करायचे हे घरात आजच बोलून ठेवावे. आणि एकच पिल्लू निघाले तर त्याला एकटे वाढवू नये. त्याच वयाची आणखी दोन आणावीत.

माद्या पाचव्या महिन्याच्या सुमारास अंडी घालू लागतात. बहुतेक अंडी पहाटेपासून सकाळी नऊच्या आत पडतात, म्हणून खुराड्याचे दार तोवर उघडू नये. लवकर सोडल्यास अंडे अंगणात कुठेतरी पडते आणि कावळ्यांना सापडते. कोपऱ्यात, जमिनीलगत, तुसाने भरलेला एक उथळ खोका ठेवावा आणि पहिले काही दिवस त्यात अंड्याच्या आकाराचा एक पांढरा गोटा ठेवून द्यावा.